आधी तरंगलांबी पाहावी
इन्फ्रारेड (अवरक्त किरणांच्या) हीटरवरील एका लेखात, या हीटरमुळे कारखान्यातील विजेची बचत होते, असे म्हटले आहे; ते विधान सरसकट मान्य करता येत नाही. हवा न तापवता किरण थेट वस्तूत शोषले जातात म्हणून बचत होते, आणि ते किती शोषले जातील हे मुख्यतः तरंगलांबीवर ठरते. पेट प्लास्टिकची बाटली फुगवण्याआधी प्रीफॉर्म (जिच्यापासून बाटली फुगवतात ती जाड नळी) साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, तेव्हा सुमारे १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपासचे किरण देणारे हॅलोजन दिवे वापरले जातात, कारण ते प्लास्टिकच्या भिंतीत खोलवर शिरतात. लांब लहरींचे किरण वरच्या थरातच अडकले असते आणि आतला भाग गार राहिला असता. पाणी मात्र ३ मायक्रॉनजवळचे किरण अधिक शोषते, त्यामुळे कागद वाळवताना मध्यम लहरींचे हीटर सरस ठरतात.

पावडर कोटिंगची (धातूवर रंगाची पूड लावून ती तापवून पक्की करण्याची) मोठी अडचण लेखात आलेलीच नाही. किरण सरळ रेषेत जात असल्याने खोबणीत सावली पडते व तेथील पावडर कच्ची राहते. म्हणूनच अनेक ठिकाणी इन्फ्रारेडने पावडर नुसती वितळवून घेतात आणि ती पक्की करण्याचे काम गरम हवेच्या भट्टीवर सोपवतात. सपाट पत्र्याला अर्थातच ही अडचण नाही. वस्तू दिव्यांखालून नेणारा कन्व्हेयर अचानक थांबल्यास दिवे आपोआप बंद होतात का, हे मी तरी खरेदीपूर्वी विक्रेत्याला विचारीन.