आधीच्या मालकाने करून ठेवलेलं निस्तरतोय

गाडी घेतली ९३ ची माझदा एमएक्स-५, पॉप-अप हेडलाइटवाली, इथे इंग्लंडमधे अशा अजून बऱ्याच मिळतात आणि मला वाटलं स्वस्तात पडली. कसलं स्वस्तात! दर शनिवारी एक काम ठरवून गाडीखाली शिरतो आणि आधीच्या मालकाने केलेलं नवीन पाप सापडतं. ह्या गाडीत सीटमागे छपराचं पाणी खाली जायला भोकं असतात, ती पानं-कचऱ्याने तुंबली की पाणी आत मुरतं आणि दाराखालचा सिल आतून सडतो, हे गाडी ठेवणाऱ्या कुणालाही माहीत असतं. ह्याने काय केलं? भोकं साफ नाही केली, सडलेल्या पत्र्यात वर्तमानपत्र कोंबलं, वरून लांबी भरली, रंग मारला, झालं. स्क्रू ड्रायव्हरने जरा टोचलं तर अख्खा आत, आणि कागदाचा ओला लगदा हातात! सीटबेल्टच्या माउंटिंगपासून ३० सेंटीमीटरच्या आत असा गंज असेल तर एमओटीत, म्हणजे इथल्या गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत, सरळ फेल, आणि तिथे लांबी चालत नाही, पत्रा कापून वेल्डिंगच लागतं.

वायरिंगचं तर बोलूच नका. स्टिरिओची लाल वायर काळ्या वायरला पिळून वर चिकटपट्टी, बाबा रे सोल्डर नाही तर निदान एक कनेक्टर तरी लावायचा होतास.

मला कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेलं सस्पेन्शन) बसवायचे होते हो. डब्यातच आहेत, मार्चपासून.