उणे ५४ मीटरवरचं घर

रत्नागिरीजवळच्या आमच्या आगराचा गडगा नक्की कुठून जातो, हे सेंटिमीटरमध्ये ठरवायची हौस मला आली. बाबा म्हणाले, "दोरी आण." मी दोन जीपीएस रिसीव्हर आणले. एक खळ्यात ठेवला, दुसरा गडग्याच्या कोपऱ्यावर. दोन तास नोंद घेतली आणि लॅपटॉपवर आरटीकेलिब चालू केलं; दोन्ही रिसीव्हरच्या नोंदी जुळवून नेमकी जागा काढणारा हा प्रोग्राम. तोमोजी ताकासू या जपानी तज्ज्ञाचं हे काम फुकट आहे आणि अस्सलही. फक्त माझ्या लिनक्सवर ते बटणांनी चालत नाही, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करावे लागतात.

मदतीसाठी 'डॅश एच' लिहिलं. सगळीकडे एच म्हणजे हेल्प. इथे तो भलत्याच गणिताचा खटका निघाला.

मग सगळे पर्याय एका फाइलीत लिहून काढले. उपग्रह निवडायचे तर प्रत्येक उपग्रह-यंत्रणेला दिलेल्या आकड्यांची बेरीज करायची: जीपीएसचा १, ग्लोनासचे ४, गॅलिलिओचे ८, बेइदोचे ३२, झाले ४५. एका पर्यायाच्या नावात माझं अक्षर चुकलं, तरी प्रोग्राम चकार शब्द बोलला नाही. मांडवात नकोसा भाऊबंद दिसला की आपण तोरणं बघत पुढे सरकतो, तसा तो त्या ओळीवरून सरकला.

उत्तर आलं: घराची उंची उणे ५४ मीटर.

बाबांनी चष्मा पुसला. "म्हणजे बुडालो?"

जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या गुळगुळीत, कागदी आकारापासून. खरा समुद्र आपल्याकडे त्याच्या कितीतरी खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर १०० मीटरहून जास्त. फाइलीतला उंचीचा पर्याय बदलला आणि घर ८ मीटरवर आलं. बाबांनी चहा टाकायला सांगितला.

"आणि गडगा?"

गडग्यापुढे दर्जाच्या रकान्यात सगळीकडे ५. हवा होता १, म्हणजे सेंटिमीटरचा नेमकेपणा. पाच म्हणजे खळ्यातला रिसीव्हर जमेसच धरला नाही, नुसता अंदाज. फाइलीत तर मी 'स्टॅटिक', म्हणजे दोन्ही रिसीव्हर धरून मोज, असं लिहिलं होतं! वीस वेळा तपासलं. रात्री दीडला दिसलं: वरचा बाण दाबून मी जो हुकूम परत परत चालवत होतो, त्यात सकाळच्या चाचणीचं 'डॅश पी ०', म्हणजे एकट्या रिसीव्हरवरून मोज, तसंच होतं. फाइलीत काहीही लिहा, कमांड लाइनपुढे, म्हणजे टाइप केलेल्या हुकमापुढे, तिचं चालत नाही. उंचीसाठी कमांड लाइनला पर्यायच नाही, म्हणून तेवढी सुधारली.

सकाळी बाबांना सगळं समजावलं.

"त्या शून्याने गडगा कुठे येतो?"

"दोनेक मीटर शेजाऱ्यांच्या बाजूला."

बाबांनी चहाचा घोट घेतला. "मग राहू दे की शून्य."