देवीच्या नावात झालेला 'ध'चा 'मा'

देवींचे राक्षस केले गेले, असं म्हटलं की हटकून लिलिथचा, म्हणजे ज्यू दंतकथांतल्या पिशाच्चिणीचा, फोटो येतो. उदाहरणच चुकलेलं. मेसोपोटेमियातली 'लिलितू' आधीपासून बाधा करणारीच होती. देवी म्हणून तिची पूजा झाल्याचा पुरावा नाही. फोटोतलं ते पंखवालं, घुबडांमधलं शिल्प ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि आता बहुतेक अभ्यासक त्या बाईला इश्तार किंवा एरेश्किगाल या मेसोपोटेमियातल्या देवींपैकी एक मानतात.

खरं उदाहरण हवं तर फिनिशियन लोकांची देवी अस्तार्ते घ्या. आजच्या लेबनॉनमधलं त्यांचं शहर सिदोन, तिथला राजा दुसरा एश्मुनाझार याची शवपेटी १८५५ मध्ये सापडली, सध्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्यावरच्या लेखात त्याची आई अस्तार्तेची पुजारीण असल्याचं कोरलंय आणि मायलेकांनी देवीचं देऊळ बांधल्याचंही. म्हणजे भरल्या राज्याची देवी.

आता गंमत लिपीची. फिनिशियन आणि जुनं हिब्रू लिहिताना बहुतेक व्यंजनंच लिहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर काना-मात्रा नाहीच. नाव उरतं अ-श-त-र-त एवढंच. स्वर वाचणाऱ्याने घालायचे. बायबलच्या ग्रीक भाषांतरात ते 'अस्तार्ते' असं बरोबर उतरलं. हिब्रू परंपरेत मात्र बायबलच्याच '१ राजे' या पुस्तकात (११:५) ती 'अष्टोरेथ' झाली. हे ओ-ए आले कुठून? 'बोशेथ' म्हणजे लाज, या शब्दातून, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, आणि मला ते पटतं. कारण हीच चलाखी दुसरीकडे उघड दिसते: इस्राएलचा राजा शौल याच्या मुलाचं नाव बायबलमधल्या 'इतिहास' नावाच्या पुस्तकात 'एश्बाल' आहे, शमुवेलाच्या पुस्तकात 'ईश-बोशेथ'. बाल या देवाच्या जागी सरळ लाज.

इथवर ती निंद्य आहे, पण बाईच आहे. राक्षस होण्याची पायरी पुढची. बायबलच्याच 'शास्ते' या पुस्तकात (२:१३) तिचं अनेकवचन येतं, 'अष्टारोथ'. हिब्रूत तो 'ओथ' स्त्रीलिंगी अनेकवचनाचा प्रत्यय. लॅटिन बायबल वाचणाऱ्याला तो प्रत्यय म्हणून दिसतच नाही. त्याच्या लेखी हे कुणा एकाचं नाव, आणि लॅटिन कानाला त्यात स्त्रीलिंगी काहीच नाही. त्यात स्तोत्र ९६:५ मध्ये परक्यांचे देव मूळ हिब्रूत 'एलिलिम', म्हणजे कुचकामी. ग्रीक भाषांतराने तिथे 'दैमोनिया' घातलं. कुचकामी असलेली गोष्ट एका शब्दात भुतं झाली. माझ्या मते सगळ्यात महागात पडलेलं भाषांतर हेच.

मग १५७७ मध्ये योहान वेयर या डॉक्टरच्या पिशाच्चांच्या यादीत 'अस्तारोथ' भेटतो. हो, भेटतो. नरकातला ड्यूक, ४० पलटणींचा धनी, ड्रॅगनवर स्वार, उजव्या हातात साप. त्याच्या तोंडाला इतकी घाण येते की बोलावणाऱ्याने चांदीची अंगठी तोंडापाशी धरावी, अशी सूचनाही आहे. देवीचं यात उरलं काय? नावातली व्यंजनं.

'पुरुषांनी कट करून देवी गाडली' हे ऐकायला बरं वाटतं, पण इथे द्वेषाइतकंच काम अज्ञानाने केलंय. लाजेचे स्वर कुणी मुद्दाम घातले असतील. लिंग मात्र कुणी ठरवून बदललेलं दिसत नाही, ते व्याकरण न कळल्याने गळालं.

आणि एका जागी ती निसटली. बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात (७:१३) देव आशीर्वाद देतो, तुझ्या कळपाची वाढ होईल. त्या वाढीसाठी, म्हणजे मेंढरांच्या पिल्लांसाठी, हिब्रू शब्द आहे 'अश्तेरोथ'. ते स्वर कुणी बदलले नाहीत.