वर्तमानपत्राच्या कव्हरातलं 'समाजस्वास्थ्य'

मागच्या महिन्यात आत्याच्या वाड्याची आवराआवर चालली होती. माळ्यावरच्या ट्रंकेत वर जुनी पंचांगं, तळाशी र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे सहा-सात अंक. प्रत्येकाला खळ लावून वर्तमानपत्राचं कव्हर, शाळेच्या वहीला घालतात तसं. एक सोलून पाहिलं. आत विवस्त्र बाईचं चित्र. "अगोबाई, अण्णांचे हे?" म्हणत आत्या पदर तोंडाला लावून हसत सुटली.

र. धों. म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे आता आपल्याला चालतात. कुटुंबनियोजनाचे द्रष्टे वगैरे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक, १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढणारे, त्यापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजची नोकरी सोडणारे. इथवर सगळे माना डोलावतात. पण जुलै १९२७ पासून त्यांनी जे मासिक चालवलं, त्यात नुसती पाळणा लांबवायची साधनं नव्हती. कामसुख बाईलाही हवं असतं, तो तिचा हक्क आहे, तो लग्नाला बांधलेला का असावा, असं हा माणूस मराठीत, सरळ छापत होता. तेवढं आपण शताब्दी-जयंतीच्या भाषणांतून हळूच गाळतो. आपणही कव्हरच घालतो की!

मुखपृष्ठावरची नग्न चित्रं हा काही खपाचा चावटपणा नव्हता. नागवेपणात अश्लील काही नाही, हे त्यांचं म्हणणं होतं आणि ते दर महिन्याला दाखवत होते. (पुढे एसटी स्टँडवर मिळायची ती पिवळी पुस्तकं वेगळी. त्यांत बाई असायची, तिचं म्हणणं नसायचं.)

मासिकाचा खरा जीव वाचकांच्या प्रश्नोत्तरांत. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, जे डॉक्टरलाही विचारायची सोय नव्हती ते लोक कर्व्यांना पत्रानं विचारत. ते उत्तर देत, आणि उपदेशाचा डोस न पाजता देत. त्याच उत्तरांवरून १९३४ मध्ये खटला झाला. वकील कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे अश्लील होत नाही, हा त्यांचा मुद्दा. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. मासिक थांबलं नाही.

पैसा कुठून येत होता? पत्नी मालतीबाईंच्या पगारातून बराचसा. मूल नको हे दोघांनी ठरवलेलं आणि शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःची करून घेतलेली. आज किती पुरुष ही तयारी दाखवतात, आपापल्या घरात बघा. ऑक्टोबर १९५३ मध्ये ते गेले, नोव्हेंबरच्या अंकासोबत मासिकही संपलं. सव्वीस वर्षं.

अंक मी घेऊन निघालो, तर आत्यानं हात धरला. "एक ठेव इथे. आणि जाताना माझा चष्मा दे."