घरं महाग झाली ती रेरामुळे नाही

गेले काही दिवस एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, सोसायटीच्या, शाळेच्या, अगदी आमच्या भावकीच्या पण. थोडक्यात म्हणणं असं, की सरकारने घरांच्या बाजारातून हात काढून घ्यावा, रेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा घरखरेदीचा कायदा आणि त्याची ऑथॉरिटी, गुंडाळावा, मग वाईट बिल्डरला बाजारच संपवेल आणि घरं स्वस्त होतील. पुरावा म्हणून मुंबईतल्या जुन्या भाड्याच्या चाळी दाखवल्यात. माझ्या ओळखीच्या तिघांनी खाली "पटलं" म्हणून लिहिलं, त्यातला एक तर सध्या फ्लॅट शोधतोय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहितोय.

मेसेज म्हणतो, "खराब माल विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत जात नाही, हीच त्याला शिक्षा."

भाजीवाल्याला हे लागू पडतं, कारण आज वांगी किडकी निघाली तर उद्या आपण शेजारच्या गाडीवर जातो. पण घर माणूस आयुष्यात एकदा घेतो, फार तर दोनदा, आणि पैसे देतो तेव्हा ते घर उभंच नसतं. परत न जाण्याची धमकी द्यायची कुणाला? माझ्या आत्याने 2011 ला पुण्याबाहेर एका स्कीममध्ये बुकिंग केलं, पझेशन 2013 च्या डिसेंबरला सांगितलेलं. चौथ्या स्लॅबला काम थांबलं आणि त्याच वर्षी त्याच बिल्डरचं दुसऱ्या गावात नव्या स्कीमचं होर्डिंग लागलं. तिच्या आणि तिच्यासारख्या बाकीच्यांच्या पैशातून तिकडची जमीन घेतली गेली असं सगळे म्हणायचे, पण दाखवणार कसं, हिशोब कुणाला बघायलाच मिळत नव्हता. बाजाराने त्याला काय शिक्षा केली तर नव्या स्कीमचं बुकिंग फुल झालं, कारण तिथल्या लोकांना इकडचं माहीतच नव्हतं. चावी 2018 ला मिळाली आणि तोपर्यंत आत्या भाडं पण भरत होती आणि बँकेचा हप्ता पण.

अर्थशास्त्रात याच्यावर जुना विचार आहे. जॉर्ज अकरलॉफने 1970 साली वापरलेल्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं, की विकणाऱ्याला मालाची खरी हालत माहीत आहे आणि घेणाऱ्याला नाही अशा बाजारात घेणारा बिचकून सरासरी भावच देतो, त्या भावात चांगला माल विकणं परवडत नाही म्हणून चांगला विक्रेता बाहेर पडतो, आणि मागे उरतो तो खराब माल. 2001 चं नोबेल त्याला मिळालं ते याच विषयावरच्या कामासाठी. म्हणजे मेसेजच्या बरोब्बर उलटं: माहिती एकाच बाजूला असेल तर बाजार वाईट बिल्डरला नाही, चांगल्या बिल्डरला हाकलतो.

दुसरा मुद्दा, "रेराच्या खर्चामुळे भाव वाढले."

आकडे बघा ना. महाराष्ट्रात प्रोजेक्ट रजिस्टर करायची फी जास्तीत जास्त 10 लाख. 100 फ्लॅटचा प्रोजेक्ट धरला आणि सगळी फी गिऱ्हाइकावर टाकली तरी फ्लॅटमागे 10,000. आता मुंबईत 80 लाखांचा फ्लॅट घ्या, 6 टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे 4 लाख 80 हजार, बांधकाम चालू असेल तर वर 5 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 4 लाख. जमिनीचा भाव आणि एफएसआयचे (जागेवर किती बांधता येतं त्या प्रमाणाचे) प्रीमियम तर यात धरलेलेच नाहीत. सरकारवर रागच काढायचा असेल तर तिकडे काढा, मी पण सोबत आहे.

हां, एक खर्च मात्र खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. रेरात गिऱ्हाइकाकडून आलेल्या पैशातले 70 टक्के त्याच प्रोजेक्टच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए यांनी सही करून एवढं काम झालंय सांगितलं की तेवढेच काढता येतात, तेही त्याच प्रोजेक्टच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी. त्यामुळे पुढची जमीन घ्यायला बिल्डरला व्याजाने पैसे उचलावे लागतात आणि ते व्याज कुठेतरी किमतीत येणारच. पण आधी ते व्याज लागत नव्हतं असं थोडीच आहे, आधी ते आत्या भरत होती, बिल्डरला बिनव्याजी कर्ज देऊन आणि स्वतः बँकेचं व्याज भरून. खर्च तोच आहे, फक्त तो आता ज्याचा धंदा त्याच्या वहीत दिसतो. मला हा या कायद्यातला सगळ्यात महत्त्वाचा बदल वाटतो.

तिसरा, चाळींचा. "रेंट कंट्रोलने मुंबईची वाट लावली, म्हणून रेग्युलेशन वाईट."

पहिलं अर्धं वाक्य बरंचसं बरोबर आहे. 1947 च्या कायद्यात भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून ठेवलं, मालकाला दुरुस्ती परवडेना, इमारती खचल्या, माणसं मेली. 1997 ला सुप्रीम कोर्टाने पण हे गोठवणं अवाजवी आहे म्हटलं, आणि 1999 च्या कायद्यात मग वर्षाला 4 टक्के वाढ आली. पण त्या कायद्याने भाव बांधला होता. रेरा भाव बांधतच नाही, बिल्डरने चौरस फुटाला काहीही रेट लावावा. रेरा एवढंच म्हणतो की कार्पेट एरिया, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, किती ते सांग, तारीख सांग, मंजूर प्लॅन दोन तृतीयांश लोकांच्या संमतीशिवाय बदलू नकोस, रजिस्टर अ‍ॅग्रीमेंटशिवाय 10 टक्क्यांच्या वर घेऊ नकोस. एका कायद्याने भाव खोटा केला, दुसरा माहिती खरी करायला लावतो, दोन्हीला रेग्युलेशन म्हणतात म्हणून ते एक होत नाही.

"करार आहे, कोर्ट आहे, वेगळी ऑथॉरिटी कशाला?" यावर फार लिहायची गरज नाही. 1963 च्या मोफा, म्हणजे फ्लॅटविक्रीच्या जुन्या कायद्यात पण गिऱ्हाइकाचे आगाऊ पैसे वेगळ्या खात्यात ठेवा असं लिहिलेलं होतं. पन्नासेक वर्षं ते कागदावर होतं, बघणारं कुणी नव्हतं, आणि एकट्या माणसाने दिवाणी कोर्टात बिल्डरच्या वकिलासमोर किती वर्षं उभं राहायचं? डिसेंबर 2017 मध्ये मुंबई हायकोर्टाने रेरा वैध ठरवला तेव्हा हेही स्पष्ट केलं, की बिल्डरने रेरात नवी तारीख टाकली म्हणून अ‍ॅग्रीमेंटमधली जुनी तारीख पुसली जात नाही, उशीर तिथूनच मोजायचा. ज्यांचं पझेशन तेव्हा लटकलेलं होतं त्यांना विचारा या एका ओळीची किंमत.

शेवटचा मुद्दा त्यातल्या त्यात दमदार आहे: "रेग्युलेटर शेवटी धंदेवाल्यांच्याच खिशात जातो." अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलरने 1971 ला हेच मांडलं होतं आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण त्यावर इलाज म्हणून रेग्युलेटरच नको म्हटलं तर खिशात घालायचा खर्च पण वाचतो बिल्डरचा. त्यापेक्षा रेग्युलेटरकडचं सगळं लोकांना बघता आलं पाहिजे. महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या रेरा ऑथॉरिटीच्या साइटवर प्रोजेक्टची माहिती दर तीन महिन्यांनी अपडेट करावी लागते, ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोड लागतो, फ्लॅट बघायला जाण्याआधी तो स्कॅन करा आणि पझेशनची तारीख किती वेळा पुढे ढकललीय ते बघा, सॅम्पल फ्लॅटचे पडदे नंतर बघा.

आणि जिथे रेरा खरंच लंगडा पडतो ते त्या मेसेजमध्ये आलेलंच नाही. रिफंडची ऑर्डर मिळते, वसुलीचं वॉरंट निघतं, ते कलेक्टर ऑफिसला जातं आणि तिथे तहसीलदाराकडे इतर शंभर कामांखाली पडून राहतं, कारण महारेराकडे स्वतः जप्ती करायला माणसं नाहीत. ऑर्डर हातात धरून लोक हेलपाटे घालतायत. वसुलीसाठी वेगळा अधिकारी द्या, मुदत घाला, अशी एक ओळ त्या मेसेजमध्ये असती तर मी स्वतः तो सगळ्या ग्रुपवर पाठवला असता.