केटररला चेक कसा द्यावा

मुलीचं लग्न थाटात पार पडलंय, पंगती उठल्यात आणि केटरर हिशोबाची वही घेऊन दाराशी उभा आहे. घाबरू नका, चेकबुक काढा. यूपीआयच्या भानगडीत तर पडूच नका. खात्यात खडखडाट असला की तिथे त्याच्या देखतच शोभा होते. चेकला निदान बँकेत पडेपर्यंत अब्रू असते.

'रुपये एक लाख ऐंशी हजार फक्त' हे सावकाश, वळणदार अक्षरात लिहा. तारीख पुढची टाका आणि 'बुधवारनंतर टाका हं' असं आपुलकीनं सांगा. माणूस खूश होऊन जातो. तुमच्या श्रीखंडाचा चक्का त्यानं डेअरीतून उधार आणलाय, तेल-डाळ किराणावाल्याच्या खात्यावर आहे. आचारी आणि वाढपी पोरांना मात्र त्याच रात्री रोख मोजावे लागले. ती पोरं चेक घेत नाहीत. शिकलेली नाहीत ना!

चेक परत आला की बँक त्याच्या हातावर 'अपुरी शिल्लक' असा मेमो ठेवते आणि दंड तुमच्या खात्याला लावते, तसा त्याच्याही. म्हणजे पाहुणे तुमचे, जेवण त्याचं आणि भुर्दंडही त्यालाच. फोन आलाच तर 'सर्व्हरचा घोळ असेल, परत टाका' म्हणा. चेक तीन महिने चालतो. तोवर बिचारा टाकत राहील आणि दंड भरत राहील.

मग वकिलाची नोटीस येईल. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत ती त्याला पाठवावीच लागते. ती हाती पडली की पैसे द्यायला तुम्हाला १५ दिवस मिळतात. या दिवसांत पैसे देऊन मोकळं होणं फारच सोपं आहे, म्हणून ते कोणी करत नाही. तुम्ही घरच्यांकरवी पोस्टमनला 'साहेब गावी गेलेत' असं सांगा. योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं आलेली नोटीस नाकारली तरी कोर्ट ती मिळाली असंच धरतं. पण इतक्या बारकाव्यात कशाला शिरायचं?

आणखीही हुशाऱ्या आहेत. पेमेंट थांबवा, खातं बंद करा, सही जरा वेगळी ठोका. चेकचा कायदा १८८१ चा असला तरी चेक न वटणं गुन्हा ठरवणारं कलम १३८ त्यात १९८९ पासून लागू आहे आणि तेव्हापासून या सगळ्या युक्त्या लढवून झाल्यात. कोर्टांनी त्या सगळ्या याच कलमात बसवल्यात. 'कोरा चेक सही करून सिक्युरिटी म्हणून दिला होता' हेही म्हणून पाहा. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की सही तुमची असेल तर देणं नव्हतं हे तुम्हीच सिद्ध करायचं.

तुमची खरी भिस्त तारखांवर, आणि ती अगदीच चुकीची नाही. केस सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. तेवढ्यात कित्येकदा समन्सही बजावून होत नाही. केटरर मात्र दर तारखेला एक ऑर्डर बुडवून कोर्टात येतो आणि बाहेर बाकावर बसून राहतो. गंमत अशी की २०१८ पासून कोर्ट खटला चालू असतानाच २० टक्क्यांपर्यंत भरपाई द्यायला लावू शकतं. म्हणजे छत्तीस हजार, निकालाआधीच. निकाल विरुद्ध गेला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तारखा चुकवल्यात तर वॉरंट घेऊन हवालदार घरी येतो, तोही बहुधा व्याही आले असताना.

कोर्टाआधी गाव निकाल देतं, हे मात्र सांगायचं राहिलं. मंडपवाला, बँडवाला, फुलवाला आणि तुमचा केटरर एकाच टपरीवर चहा पितात. धाकट्याच्या मुंजीला फोन कराल तेव्हा प्रत्येक जण आधी ॲडव्हान्स मागेल, तोही पूर्ण आणि रोख.

शेवटी लोक अदालतीत तडजोड होईल. मुद्दल, त्याचा वकील, तुमचा वकील असा सगळा आकडा जुळला की त्याला विचारा, 'चेक चालेल ना?'