व्हिनेगर सोरपोतेलात घाला, रिव्हॉल्वरवर नको

पावसाळा सरत आला की आमच्या फोंडा-सत्तरीकडच्या परवानाधारकांत एक व्हॉट्सॲप मेसेज हमखास फिरतो: "रिव्हॉल्वरवरची काजळी काढायला माडाचं व्हिनेगर चोळा, तारेच्या घासणीनं घासा, वर खोबरेल लावा. नव्यासारखं होईल." पुरावा काय, तर आमसुलानं तांब्याची घागर लखलखते ना!

लखलखते, कारण घागरीवरचा डाग तांब्याच्याच ऑक्साइडचा असतो आणि आंबटात तो विरघळतो. बंदुकीच्या दारूची काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन. आम्ल तिचं काही वाकडं करत नाही. उलट पोलादावरची निळसर-काळी झिलई, ब्लूइंग म्हणतात ती, लोखंडाचं ऑक्साइड. म्हणजे व्हिनेगर राखायचं ते खातं आणि घालवायचं ते ठेवतं. आमच्या एका नातेवाइकांनी हा प्रयोग केला. पाटीवर ओलं बोट फिरवावं तसे सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्याच्या, कडेला करडे पट्टे उमटले. आठवड्यात त्यांवर तांबूस गंज. काजळी होती तिथंच.

तारेची घासणी? ओरखडे पडतात, ओरखड्यांत ओल बसते. लोक सगळ्यात जास्त घासतात ती सिलिंडरच्या तोंडावरची काळी वर्तुळं. अहो, ती पुढच्या फैरीला परत येणारच, आणि त्यांनी काही बिघडत नाही. बघायचं ते एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या, चांदणीखाली. तिथे न जळलेल्या दारूचे दोन दाणे अडकले तरी सिलिंडर जड फिरतो.

आधी सिलिंडरमधली काडतुसांची सगळी घरं रिकामी आहेत ना, डोळ्यांनी बघा. मग गन सॉल्व्हंट, म्हणजे काजळी सुटी करणारं द्रव, लावून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, नायलॉनच्या किंवा ब्राँझच्या ब्रशनं घासा, सुती चिंधीनं पुसा. निकेलचा मुलामा असेल तर अमोनियाचं सॉल्व्हंट वापरू नका. मुलाम्याखालचं तांबं ते खातं.

खोबरेल डिसेंबरच्या पहाटे बाटलीत थिजतं. तेच आतल्या स्प्रिंगांत थिजलेलं हवंय का? गन ऑइलचा पातळ हात पुरे. घरं मात्र कोरडी पुसा, तेलानं काडतूस फुसकं निघू शकतं.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवू नका, चामडं ओल धरतं. आणि आचारसंहितेत ठाण्यावर जमा करायचं असेल, तर आदल्या रात्री तेलाचा हात फिरवूनच द्या. तिथे कोण पुसणार आहे?